न्हाणीघरातला नाग आणि जास्तीत जास्त लोकांचे सुख

बसवनगुडी, बंगळूर
जानेवारी १९५८

तीर्थस्वरूप आप्पाजी यांच्या चरणी जावई पद्माकर याचे बंगळुराहून दंडवत. (साष्टांगच घातला असता, पण उजव्या हाताला पट्टी असल्यामुळे सध्या आठांपैकी सातच अंगे जमिनीला टेकतात. अक्षर वाकडे आले आहे तेही त्या पट्टीमुळे. मनःस्थितीचा त्याच्याशी संबंध नाही.) आपला सकाळचा खोकला आता बरा असेल, सौ. सासूबाईंचा गुडघा थंडीने फार आखडत नसेल, अशी आशा आहे. इकडे सर्व क्षेम आहे. विद्येची प्रकृती उत्तम आहे. सातवा महिना व्यवस्थित चालला आहे आणि डॉक्टरीणबाईंनी कालच तपासून कशाचीही काळजी नाही असे सांगितले. हे मी मुद्दाम सुरुवातीलाच लिहितो आहे. पुढचा मजकूर वाचताना आपला जीव वरखाली होऊ लागला, तर आपण मधूनमधून या ओळींकडे परत यावे. मीही येतो आहे.

दोन्ही बाजू ऐकल्याशिवाय आपण कधी निकाल दिला नाही, अशी मुन्सफ म्हणून आपली ख्याती मी लग्नाच्या बोलणीतच ऐकली होती. तेव्हा एका बाजूची कैफियत जरा सविस्तर देतो.

आमचे बिऱ्हाड हयवदनरावांच्या वठारात आहे. (वठार म्हणजे आपल्याकडची चाळच, पण जमिनीवर बसलेली.) मधे अंगण, तीन बाजूंना बिऱ्हाडे, मागे विहीर आणि विहिरीला लागून सगळ्यांना मिळून एकच न्हाणीघर. हयवदनराव जुन्या म्हैसूर सरकारच्या कचेरीतून निवृत्त झालेले. त्यांचे पूर्वज तीनशे वर्षांपूर्वी मराठी फौजेबरोबर इकडे आले आणि परत जायचे राहून गेले. घरात अजून मराठीच बोलतात, पण त्या मराठीने इतक्या वर्षांत कानडी अंगावर भरपूर पांघरून घेतले आहे. स्वतः हयवदनराव मात्र कोणत्याच भाषेत फारसे बोलत नाहीत. काहीही सांगितले की 'सरी' म्हणतात. त्याचा अर्थ 'बरे', 'असो' आणि 'बघून घेईन' यांपैकी कोणताही असू शकतो. दोघांच्या वाट्याचे बोलण्याचे काम त्यांच्या पत्नी वसुमतीअक्का एकट्या पार पाडतात. शेजारच्या बिऱ्हाडात प्राध्यापक बिंदुमाधव आणि कमलाबाई राहतात. प्राध्यापक कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवतात, आणि या सगळ्याचे मूळ (त्यांच्यावर ठपका ठेवायचा नाही, पण मूळ सांगितलेच पाहिजे) त्यांच्या व्याख्यानांत आहे.

दिवाळीनंतर त्यांनी इथल्या एका संस्थेत पाश्चात्त्य नीतिशास्त्रावर व्याख्याने दिली. कारखान्यातल्या गप्पांना कंटाळून मी पहिल्या दिवशी गेलो आणि दुसऱ्या दिवसापासून पुढच्या रांगेत बसू लागलो. त्यांनी सांगितले ते असे: एखादे कृत्य चांगले की वाईट हे पोथीत पाहू नये, रूढीत पाहू नये, करणाऱ्याच्या मनातही डोकावू नये. त्या कृत्यापासून किती जणांना किती सुख झाले आणि किती दुःख, एवढे पाहावे. सुख जास्त झाले, तर कृत्य चांगले. जास्तीत जास्त लोकांचे जास्तीत जास्त सुख, संपले नीतिशास्त्र! आप्पाजी, मी यंत्रांचे भाग हजारांश इंचापर्यंत मोजून घेणारा माणूस. लहानपणापासून पाप-पुण्य मला अनेकांनी सांगितले, पण त्याचे माप कुणी हातात दिले नव्हते. मी आनंदाने घरी आलो आणि विद्येला सगळे समजावून सांगितले. ती घेवड्याच्या शेंगा सोलत होती. म्हणाली, "आणि सुख मोजायचं कशानं?" मी म्हणालो, ते अजून ठरायचे आहे. ती म्हणाली, "मग आधी ते ठरू द्या." (आपल्या मुलीचा हा स्वभाव आपणांस ठाऊक असणारच. तो कुणाकडून आला याची चर्चा इथे अस्थानी होईल.)

पण मला धीर नव्हता. वठारात हयवदनराव गेली चाळीस वर्षे पहाटे सर्वांत आधी स्नान करत. स्वतः नारळाची सोडणे घालून हंड्याखाली जाळ करत, स्नान करत, आणि ओलेत्याने देवाकडे जात. त्यांच्या मागून आम्हा कारखान्यातल्या लोकांची घाई व्हायची. बस निघायची वेळ व्हायची आणि हंड्यात कोमट पाणी उरायचे. मी अंगणात सर्वांना जमवले, सिद्धांत समजावला, आणि ज्यांना कामावर जायचे त्यांनी आधी, ज्यांना नाही त्यांनी नंतर, असा ठराव हात वर करवून मंजूर करून घेतला. विरोधात दोनच हात होते, तेही दोन्ही अक्कांचे. हयवदनराव म्हणाले, "सरी." दुसऱ्या दिवसापासून ते पहाटे उठून विहिरीच्या गार पाण्याने अंघोळ करू लागले. पूजेची वेळ त्यांना चुकवायची नव्हती आणि ठराव मोडायचा नव्हता. बंगळूरची पौषातली पहाट कशी असते हे आपण एकदा येऊन पाहावे. त्यांचे कुडकुडणे मला अंथरुणात ऐकू यायचे. मी ते प्रामाणिकपणे वजा धरले, तरी बेरीज आमच्याच बाजूने राहायची.

नंतर घुशींचा त्रास सुरू झाला. मोरीच्या भोकातून त्या न्हाणीघरात शिरत आणि साबण पळवत. मी भोकाला जाळी बसवायची म्हटले तेव्हा अक्कांनी कडाडून विरोध केला. घरातून जे बाहेर जायचे त्याची वाट कधी बांधू नये, असे त्यांचे म्हणणे. साबण सगळ्यांचा आणि विरोध एकीचा, त्यामुळे या वेळी मी मत घेण्याच्याही भानगडीत पडलो नाही. शनिवारी अक्का मठात गेलेल्या पाहून मी बाहेरच्या बाजूने, गल्लीतल्या गटाराकडून, भोकावर चांगली जाड तारेची जाळी लाकडी चौकटीत ठोकून बसवली. हयवदनराव भिंतीपलीकडून पाहत होते. जाळी पक्की बसली. (माझे काम पक्के असते. ही आत्मस्तुती समजू नये. दुसऱ्याच दिवशी मला त्याबद्दल ज्या यातना झाल्या, त्या पुढे येतीलच.)

रविवारी जेवणे उरकली होती. नव्या ठरावाप्रमाणे बायकांची अंघोळ दुपारी व्हायची, म्हणून हंड्याखालचा जाळ नुकताच निवला होता आणि विद्या केस धुवायला न्हाणीघरात गेली होती. अंगणात उन्हात मी आणि प्राध्यापक बसलो होतो. योगायोग पाहावा, आमचा वाद जनावरांच्या सुखदुःखाची मोजदाद करायची की नाही यावर चालला होता. त्यांच्या मते करायची, माझ्या मते नाही. मी एक फार चांगला मुद्दा मांडत होतो. तेवढ्यात न्हाणीघरातून विद्येचा आवाज आला. ओरडली नाही ती. उलट, झोपलेल्या माणसाशेजारी बोलावे तितक्या हळू म्हणाली, "अहो, दार वाजवू नका. इथं नाग आहे."

मी उठलो तो खुर्ची पाडूनच. आतून पुन्हा आवाज आला, "आवाज करू नका म्हटलं ना!"

आता न्हाणीघराची रचना सांगतो, कारण सगळे त्यावर अवलंबून आहे. दारातून आत शिरताच डाव्या हाताला हंडा आणि त्याखालची चूल. समोरच्या टोकाला न्हाणीचा दगड, त्याच्या बाजूला पाण्याचा कमरेइतका उंच हौद, आणि दगडाच्या पायथ्याशी, कोपऱ्यात मोरी. खिडकी नाही. कौलांत एक काच बसवलेली आहे, तिच्यातून येईल तेवढा उजेड. नाग चुलीच्या राखेपाशी उबेला येऊन बसला होता. विद्येने डोक्यावर तांब्या ओतला आणि डोळे पुसून पाहिले तर तो फणा काढून उभा. तो दाराशी, ही मोरीपाशी. म्हणजे तिची बाहेर जायची वाट त्याने अडवली होती आणि त्याची बाहेर जायची वाट तिने. दाराला आतून कडी. दार फोडावे, तर ते थेट त्याच्या अंगावर पडणार आणि तो पुढे सरकणार. पुढे म्हणजे तिच्याकडेच.

आप्पाजी, कृपा करून पत्राच्या सुरुवातीकडे एकवार पाहून यावे.

अंगणात सगळे वठार जमले. मी म्हणालो, कौले काढतो, वरून पहार मारून त्याला संपवतो. त्याबरोबर अक्कांनी माझा दंड धरला. "पद्माकर, तू? बायको गर्भार असताना तू नागाला मारतोस? पोटातल्याला दृष्टी राहील का, वाचा राहील का?" मी म्हणालो, मग दुसऱ्या कुणी मारावे. तेव्हा असे निघाले की दुसऱ्या कुणालाही मारायचे नाही. तो या घराचा राखणदार. चाफ्याखालच्या नागाच्या दगडाला अक्का दर पंचमीला दूध घालतात. अक्कांच्या चुलतसासऱ्यांनी एकदा एक नाग मारला आणि त्यांचा वंश तिथेच खुंटला, हे सगळ्यांना तोंडपाठ होते. "स्वल्प थांबा," अक्का म्हणाल्या, "शहाणा असतो तो. मोरीतून आला तसा मोरीतून जाईल."

इथे मी काय केले हे सांगायला हात अडखळतो आहे (पट्टीचा नव्हे, डावा). मी विहिरीच्या पायरीवर उभा राहिलो आणि भाषण सुरू केले. मला खरोखर वाटले की सिद्धांत नीट समजावला तर ही माणसे पहार उचलतील. मी म्हणालो, एका बाजूला एका तरुण स्त्रीचा जीव आहे, तिच्या पोटातला जीव आहे, माझे सगळे आयुष्य आहे. दुसऱ्या बाजूला एक सरपटणारे जनावर. बेरीज करा!

प्राध्यापकांनी चष्मा पुसला. ते दुष्ट नाहीत, आप्पाजी. पण त्यांना हिशेबातली चूक दिसली की ती दाखवल्याशिवाय राहवत नाही. म्हणाले, "पद्माकरराव, बेरीज अशी होत नाही. नाग चावेलच असं नाही, ती केवळ शक्यता. नाग मारला तर मात्र या वठारातल्या इतक्या लोकांना जन्मभर भीती आणि पश्चात्ताप, हे निश्चित. शिवाय नागाला वेदना होतात, त्या धरायच्या."

"नागाच्या वेदना?" मी ओरडलो आणि पायरीवर पाय आपटला.

"अहो," आतून विद्या म्हणाली, "तुम्ही पाय आपटलात की तो फणा आणखी वर करतो."

मी पाय उचलून धरला. खरेच सांगतो, पुढचा सगळा वाद मी एका पायावर उभा राहून केला. मी म्हणालो, संख्या नुसती पाहू नका, दुःखाची तीव्रता पाहा. प्राध्यापक म्हणाले, तीव्रता पाहायची तर तुमचं मत धरता येणार नाही, कारण तुम्ही पक्षकार आहात. मी म्हणालो, पोटातल्या जिवाला एक धरा. ते म्हणाले, त्यावर विद्वानांत मतभेद आहेत. कमलाबाईंनी मधेच पदराचा बोळा तोंडातून काढून म्हटले, "अहो, ती आत एकटी उभी आहे हो!" तरीही कुणीतरी म्हणाले, मत घेऊ या. ही सवय मीच लावली होती. वाट पाहावी म्हणणारे सात हात वर गेले. मारावा म्हणणारे तीन. माझा हात प्राध्यापकांनी खाली करायला लावला.

तेवढ्यात आतून विद्येचा आवाज आला. तो आता कापत होता, पण भीतीने नव्हे. थंडीने. ती ओल्या अंगाने दगडावर उभी होती.

"माझा हात मोजलात का कुणी?"

वर गेलेले हात एकेक करून खाली आले.

"मला मारायचाही नाही आणि वाटही पाहायची नाही," ती म्हणाली. "त्याची वाट माझ्या पायाखाली आहे. मी हौदाच्या कठड्यावर चढते. मोरी मोकळी झाली की तो जाईल. तोवर तुम्ही कुणी एक अक्षर बोलू नका."

सातव्या महिन्यात, ओल्या लुगड्याने, शेवाळलेल्या कठड्यावर. पण दुसरा उपाय नव्हता, आणि अक्कांनी डोळे मिटून हात जोडले. "जाईल गं बाई, मोरीतून जाईल."

मोरीतून! आप्पाजी, त्या क्षणी मला जाळी आठवली.

तो आधीच आत शिरलेला असताना मी स्वतःच्या हाताने त्याची वाट बंद केली होती. ती कठड्यावर चढणार, तो मोरीत शिरणार, जाळीला तोंड आपटणार आणि डिवचलेला परत फिरणार, तेव्हा ती कठड्यावर तोल सावरत बसलेली असणार. हे ओरडून सांगावे तर आवाजाने काय होईल ठाऊक नाही. मी काहीही न बोलता धावत सुटलो. अंगण ओलांडले, पुढच्या दारातून बाहेर पडलो. मागून कमलाबाईंचा दबका आवाज ऐकला, "हे कुठे निघाले?"

घराला वळसा घालून गल्लीत आलो आणि गटारात पालथा पडलो. जाळी तिथेच होती. कालच्यापेक्षाही पक्की दिसली. पक्कड घरात, घर अंगणात, अंगणात वेळ नाही. मी बोटे तारेत घातली आणि ओढले. आणखी ओढले. चौकटीचा एक कोपरा सुटला आणि तार तळहातात शिरली. माझे तोंड भोकापासून वीतभर होते. आतून पाण्याचा डुबुक आवाज आला, मग कठड्यावर काहीतरी घसरल्याचा, मग विद्येने जोरात आत घेतलेला श्वास. मी दुसरा कोपरा ओढला. त्या वेळी कुणीतरी माझे दोन्ही घोटे मागून धरले. हयवदनराव होते. ते केव्हा माझ्यामागे आले मला कळले नाही. त्यांनी मला ओढले नाही, नुसते धरून ठेवले. चौकट निघाली, एकाच खिळ्यावर लोंबकळत राहिली, आणि भोकातून तो आला.

मला हात काढता आला नाही. तो माझ्या मनगटावरून गेला, सावकाश, सगळाच्या सगळा. साप थंड असतो असे आपण ऐकतो. तो थंड नव्हता. चुलीची ऊब त्याच्या पोटाला अजून होती. मी श्वास घेतला नाही. हयवदनरावांची बोटे माझ्या घोट्यांवर इतकी घट्ट आवळली होती की त्यांचे ठसे अजून आहेत. मग तो गटाराच्या कडेने गेला, समोरच्या कुंपणातल्या घाणेरीत शिरला, आणि गल्ली पुन्हा नुसती गल्ली झाली. हयवदनरावांनी मला उठवून बसवले. माझ्या तळहातावर स्वतःचे उपरणे गुंडाळले. मी म्हणालो, "रायरु, हे कुणाला सांगू नका." (रायरु म्हणजे आपले रावसाहेब.)

का म्हणालो? तेच सांगायचे आहे. गटारात बसल्या बसल्याही माझा हिशेब चालूच होता. जाळी काढली हे सांगायचे तर जाळी बसवली हेही सांगावे लागणार. अक्का चिडणार, वठार चिडणार, आणि विद्येला कळणार की तिच्या जिवावर बेतले ते मूळ माझ्यामुळे. न सांगावे, तर फक्त माझी थोडी नाचक्की होणार. पुष्कळांचे समाधान आणि एकाची नाचक्की. गणित स्वच्छ होते.

हयवदनराव म्हणाले, "सरी." डोळ्यांवरून अर्थ लागला नाही.

अंगणात आलो तेव्हा विद्या ओसरीवर बसली होती. केसांना पंचा, अंगावर कमलाबाईंची शाल, हातात कॉफीचा लोटा. अक्का तिच्यावरून मीठ-मोहऱ्या ओवाळत होत्या. मला पाहून सगळे बाजूला झाले. तिने माझ्याकडे पाहिले, चिखलाने भरलेल्या सदऱ्याकडे पाहिले, उपरण्यातल्या हाताकडे पाहिले.

"कुठे होतात?"

"पडलो," मी म्हणालो. "बाहेरच्या पायरीवरून."

"पळताना?"

मी सदऱ्यावरचा चिखल झटकू लागलो. तिने लोटा खाली ठेवला आणि उठून आत गेली. तेव्हापासून आमच्या घरात सर्व व्यवहार व्यवस्थित चालू आहेत. जेवण वेळेवर होते, हाताची पट्टी ती स्वतः बदलते, हळदही लावते. फक्त ती माझ्याकडे अशी पाहते, जशी मी एखाद्या स्टेशनावर समोर बसलेला सभ्य प्रवासी आहे.

प्राध्यापकांना मात्र मी खरे सांगितले, कारण मला सिद्धांताचा निकाल हवा होता. त्यांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, दोष सिद्धांताचा नाही, माहिती अपुरी होती. मोरी बंद आहे हे ठाऊक नसताना केलेली बेरीज चुकणारच. मी विचारले, मग सगळी माहिती मिळेपर्यंत माणसाने काय करावे? ते म्हणाले, यावर पुढच्या महिन्यात बोलणार आहेत. (त्या दिवशी माझा हात खाली करायला लावला याची त्यांनाही बोच आहे. रात्री जेवत नाहीत, असे कमलाबाई म्हणाल्या.) हयवदनरावांना मी जाऊन विनवले की उद्यापासून गरम पाणी आधी आपण घ्यावे. त्यांनी या वेळी चक्क पूर्ण वाक्य उच्चारले: "ठराव झालाय, मोडायचा तर पुन्हा हात वर करवा." मी काल करवले. सगळे हात वर गेले. ते म्हणाले, आता गार पाण्याची सवय झाली.

तर आप्पाजी, घडले ते असे. आपण सुज्ञ आहात, अनुभवी आहात. मी कुणावर दोष ठेवत नाही. सौ. सासूबाईंना माझा नमस्कार सांगावा आणि हे पत्र त्यांना एकदम न वाचता बेताबेताने सांगावे. धाकट्या मंडळींना प्रेम. प्रकृतीस जपावे.

आपला नम्र
पद्माकर

ता. क. हे पत्र आजच्या गाडीने येत आहे आणि विद्या उद्याच्या. पहिले बाळंतपण माहेरी व्हायचे हे ठरलेलेच होते, त्यामुळे महिनाभर आधी निघाली एवढेच, असे आपण लोकांना सांगावे. मला बरोबर येऊ नका म्हणाली. वसुमतीअक्का सोबत आहेत, त्यांची धाकटी बहीण सांगलीला दिली आहे. अक्कांची हकीकत मनावर घेऊ नये. आजच नाग सहा हातांचा झाला आहे, हुबळीपर्यंत तो किती होईल आणि मिरजेला किती, याचा अंदाज आपण करावा. परत कधी येणार असे मी विद्येला विचारले. ती म्हणाली, "ते तिकडे गेल्यावर ठरवीन." वर 'सर्व क्षेम' लिहिले आहे, त्यातून हे एक वजा करावे.

ता. क. दुसरा. लिहायचे होते ते अजून लिहिलेलेच नाही. काल ती ट्रंकेत लुगडी घालत होती. मी दाराशी उभा होतो. माझ्याकडे न पाहता ती म्हणाली, "एक विचारू? मी आत होते तेव्हा तुम्ही तीव्रता म्हणालात, बेरीज म्हणालात. पोटातल्याला एक धरा म्हणालात. सगळं ऐकलं मी. तुम्हाला भीती वाटली होती का?" आप्पाजी, तिला गटाराचे काही ठाऊक नाही, आणि तिने ते विचारलेही नाही. तिला एवढेच हवे होते. आणि मी म्हणालो, "त्या परिस्थितीत सामान्यतः..." तिने ट्रंकेचे झाकण लावले.

त्यानंतर मी दोनदा तिच्या खोलीत गेलो. एकदा कॉफीची पूड कुठे आहे विचारून आलो, एकदा छत्री. आत्ता ती भिंतीपलीकडे आहे, बांगड्यांचा आवाज येतो आहे, आणि तिला सांगायची गोष्ट मी मिरजेमार्गे पाठवतो आहे. तेव्हा माझी खरी विनंती एवढीच. बाकीचे पत्र आपल्याजवळ ठेवावे. जाळीचेही सांगू नये, ते मी समोर बसून सांगेन आणि जे व्हायचे ते होईल. ती पोचल्यावर, हातपाय धुऊन, चहा घेऊन झाला की खालची ओळ तेवढी तिला वाचून दाखवावी. निकाल वाचतात तशा आवाजात वाचू नये.

"विद्या, मी इतका घाबरलो होतो की मला तुझे नावसुद्धा आठवत नव्हते."

ऐकून ती हसली तर कळवावे. रडली तरी कळवावे. काहीच बोलली नाही, तर कळवण्याची तसदी घेऊ नये. रजेचा अर्ज मी आज सकाळीच दिला आहे.